जुन्या बीबीएस जाळ्याची डागडुजी: कामाच्या नोंदी

आमचं बीबीएसचं (दूरवरून जोडून संदेश वाचायच्या-लिहायच्या संगणकी फलकांचं) पाच नोडचं, म्हणजे पाच यंत्रांचं, छोटं खासगी जाळं आहे. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या फायडोनेट या बीबीएस जाळ्याच्या धर्तीवर चालतं, पण त्याचा भाग नाही. फायडोनेटने झोन (पत्त्यातला पहिला आकडा) १ ते ६ वापरले, म्हणून आम्ही ९९ घेतला. पत्ते ९९:१/१ ते ९९:१/५. नोड १ माझा. नोड ३ एका काकांचा. ते वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे आणि या धंद्यात माझे गुरू. नोड ४ आणि ५ त्यांच्यामार्फत जोडलेले. दोन शनिवार-रविवारात संपेल असं धरून हे काम काढलं होतं. अडीच महिने लागले. कुणी हेच करायला निघालं असेल तर माझे खड्डे बघून चाला.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी मोजदाद. माझ्याकडे डॉसवर चालणारा टॉसर (आलेली पॅकेटं फोडून संदेश त्या त्या एकोत, म्हणजे चर्चेच्या कप्प्यात, टाकणारा आणि जाणारे पुन्हा बांधणारा कार्यक्रम), संदेशांचा साठा जुन्या *.एमएसजी पद्धतीचा, म्हणजे एका संदेशाला एक फाइल. मोडेम केव्हाच कपाटात गेले. गेली कित्येक वर्षं पॅकेटांची ने-आण एका सामायिक एफटीपी फोल्डरातून होते. पाचही जणांना एकच पासवर्ड, तोही उघडा. रात्री २ वाजता बॅच फाइल उठते, फोल्डर रिकामं करते, झोपते. एखाद्या रात्री नाही उठली तर कुणाला कळत नाही.

ठरवलं ते असं: वाहतुकीला बिंकडी (इंटरनेटवरून पॅकेटांची ने-आण करणारा कार्यक्रम), टॉसर म्हणून हस्की प्रकल्पातला एचपीटी, संदेशसाठा जॅम पद्धतीचा (एका एकोचे सगळे संदेश मोजक्या फाइलींत), आणि सगळं लिनक्सवर. पॅकेटच्या साच्याला आणि पत्त्यांना हात लावायचा नाही. काकांना फोन केला तर त्यांचं एकच वाक्य: "चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?" त्यांचं यंत्र आहे तसंच राहील असा शब्द दिला. या शब्दाची किंमत पुढे येईलच.

५ जानेवारी, रविवार

जुन्या डिस्कची प्रत. आयडीई-यूएसबीचं स्वस्तातलं अडॅप्टर आणलं, ते दर दहा मिनिटांनी डिस्क सोडून द्यायचं. डिस्कच मेली म्हणून तीन तास हळहळत बसलो. दुसरं अडॅप्टर लावलं तर डिस्क ठणठणीत, चारदोन सेक्टर तेवढे खराब. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या कार्यक्रमाने पूर्ण प्रतिमा काढली आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. या प्रतींनी पुढे मला वाचवलं. पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका, एवढंच करा.

११ जानेवारी, शनिवार

बिंकडी चाळीस मिनिटांत उभा राहिला. पोर्ट २४५५४. मग पाच तास नोड २ शी झगडलो. तो ज्या जोडणीवर आहे तिथे बाहेरून आत येताच येत नाही. मी त्याच्याकडे पॅकेटं ढकलायला बघत होतो आणि नोंदवहीत नुसतं 'टाइमआउट'. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: बिंकपीचं (बिंकडी ज्या नियमांनी बोलतो त्यांचं) सत्र दुहेरी असतं. त्याने मला हाक मारली की त्याची टपाल येते आणि माझी त्याच जोडणीवरून जाते. दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं की भागतं. त्याच्याकडे दर पंधरा मिनिटांनी मला हाक मारायचा पोल लावला, संपलं. मोडेमच्या काळात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं, मीच विसरलो.

सुरक्षेचं थोडं. सत्राचा पासवर्ड क्रॅम-एमडी५ या ओळख पटवण्याच्या पद्धतीमुळे तारेवरून उघडा जात नाही. मजकूर मात्र उघडाच जातो. बिंकपीत सांकेतिकरणाची सोय आहे, पण ती जुन्या झिपच्या जातीची, आजच्या मानाने कच्ची. म्हणून नोडांमध्ये वायरगार्डचा (सांकेतिक खासगी जोडणीचा) बोगदा टाकला आणि बिंकडी त्याच्या आतून चालवला.

आणखी एक ठेच: सत्राचा पासवर्ड वेगळा, पॅकेटचा वेगळा. पॅकेटच्या शिरोभागात पासवर्डाला जागा फक्त ८ बाइट. नोड २ ने दोन्हींकडे तोच चौदा अक्षरी पासवर्ड घातला. एचपीटीने त्याचं प्रत्येक पॅकेट 'सेक' असं शेपूट लावून बाजूला टाकलं. आवाज नाही, तक्रार नाही. इनबाउंड फोल्डरात सहज डोकावलो म्हणून दिसलं.

१२ जानेवारी, रविवार

टॉस होतंय, पॅकेट बांधलं जातंय, पण बाहेर काही जात नाही. बिंकडी म्हणतो पाठवायला काहीच नाही, एचपीटी म्हणतो मी ठेवलंय. दोघंही खरं बोलत होते.

जाणाऱ्या टपालाचं फोल्डर बिंकली नावाच्या जुन्या कार्यक्रमाच्या रिवाजाने चालतं. मुख्य झोनची टपाल नुसत्या 'आउटबाउंड'मध्ये पडते. बाकी झोनांच्या फोल्डरांना झोनचा आकडा षोडशमानात शेपटीला लागतो. ९९ चा होतो ०६३. एचपीटीच्या लेखी माझा मुख्य झोन ९९, म्हणून तो साध्या 'आउटबाउंड'मध्ये ठेवत होता. बिंकडीच्या डोमेनच्या ओळीत मी नमुन्यातला १ तसाच सोडला होता, म्हणून तो 'आउटबाउंड.०६३' मध्ये शोधत होता. एका आकड्यापायी चार तास गेले. आता नवं काही जोडलं की आधी दोन्ही कार्यक्रमांना तोंडी विचारल्यासारखं विचारतो: टपाल कुठे ठेवतोस, आणि तू कुठे शोधतोस?

१८ जानेवारी, शनिवार

आजवर जाळ्यावर सगळे रोमन लिपीतच मराठी लिहीत आले. आता यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आणायचं. संदेशाच्या आत 'सीएचआरएस: यूटीएफ-८ ४' ही छुपी ओळ घातली की वाचणाऱ्या कार्यक्रमाला लिपी कळते. वाचायला जॅमसमोर एनएनटीपीचा (चर्चा वाचायच्या कार्यक्रमांना संदेश देणारा) छोटा सर्व्हर लावला, म्हणजे कुठलाही आजचा वाचक चालतो.

देवनागरीतला पहिला संदेश सगळ्यांना धाडला: "कसं काय, सगळं बरं आहे ना?" चौघांकडूनही जसाच्या तसा पोचल्याची पावती आली. काकांच्या यंत्रातून पुढे गेलेला नोड ४ आणि ५ वरही बिनचूक. वहीत लिहिलं: देवनागरी झालं. ते वाक्य मी तसंच ठेवलंय. का, ते ९ फेब्रुवारीला.

२५ जानेवारी, शनिवार

आज गाढवपणा केला.

जुना *.एमएसजी साठा जॅममध्ये बदलला. एकूण ११,००० च्या वर संदेश. रूपांतर नीट झालं, दोनचार उघडून बघितले, खूश झालो आणि सवयीने 'एचपीटी स्कॅन' दिलं. स्कॅनचं काम इथे लिहिलेले, अजून बाहेर न गेलेले संदेश शोधून बांधणं. जुन्या पद्धतीत कुठवर पाठवलं याची खूण त्या फोल्डरातल्या पहिल्या फाइलमध्ये, १.एमएसजी मध्ये असते. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने ती खूण म्हणून वाचलीच नाही, एक साधा संदेश समजून आत घेतली. नव्या साठ्यातल्या एकाही संदेशावर 'पाठवला' अशी खूण नाही. एचपीटीने प्रामाणिकपणे अकरा हजारच्या अकरा हजार संदेश बांधले आणि बिंकडीने ते दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिले.

बंडल (पॅकेटांचा गठ्ठा) ९ एमबीचं. नोड २ ला दीड मिनिटात पोचलं. २४०० बॉडच्या मोडेमवर याला अकरा तास लागले असते आणि तेवढ्यात कुणीतरी फोन करून शिव्या घातल्या असत्या. मंदपणा हाही एक कुलूपच होता, ते आम्ही काढून टाकलं आणि त्याच्या जागी काही लावलं नाही.

नोड २ च्या टॉसरने यातले फार थोडे अडवले. दुबार संदेश ओळखायला तो आलेल्यांची यादी ठेवतो, पण त्याच्या सेटिंगमध्ये ती सात दिवसांचीच. वीस वर्षांपूर्वीचा संदेश त्याला नवाच.

खरा मार काकांना बसला. त्यांच्याकडे अजून एका संदेशाला एक फाइल, आणि डिस्कचा तो भाग १.२ जीबीचा, फॅट-१६. एवढ्या भागात एक क्लस्टर, म्हणजे जागेचा सर्वांत छोटा तुकडा, ३२ केबीचा. संदेश दोन केबीचा असला तरी जागा ३२ ची खातो. ११,००० गुणिले ३२ केबी म्हणजे साडेतीनशे एमबीच्या आसपास, आणि त्यांच्याकडे मोकळे होते दोनशे. टॉसर मध्येच थांबला, अर्धं पॅकेट तसंच. वर त्या फोल्डरात इतक्या फाइली झाल्या की डीआयआर दिलं की चहा करून यावा.

२६ जानेवारी, रविवार

आवराआवर. बिंकडी बंद, न गेलेली बंडलं पुसली. नोड २ ने आदल्या रात्रीच्या प्रतीवरून साठा परत आणला. नोड ४ आणि ५ पर्यंत लोट पोचलाच नव्हता, कारण काकांचं यंत्र वाटेतच गुदमरलं होतं. काकांकडे प्रत नव्हती. ५ जानेवारीला मी माझ्या डिस्कच्या प्रती काढल्या, त्यांच्या काढायचं सुचलंही नाही. फोनवर बसून त्यांच्याकडून फाइली तारखेनुसार पुसून घेतल्या, साडेचार तास. ते रागावले नाहीत. "मीपण एकदा केलंय असं," एवढंच म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

दुरुस्ती: रूपांतरातच प्रत्येक संदेशाला 'पाठवला' खूण लावायची, १.एमएसजी वगळायची, आणि पहिलं स्कॅन बिंकडी बंद ठेवून करायचं. आउटबाउंड रिकामं दिसलं तरच दार उघडायचं. शिवाय एक पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली: कुठलंही बंडल ५०० केबीच्या वर गेलं की बिंकडी थांबतो आणि मला निरोप येतो. काढलेलं कुलूप असं परत लावलं.

२ फेब्रुवारी, रविवार

वीज गेली, आली, आणि नोड २ ची टपाल तीन दिवस तुंबली. कारण '.बीएसवाय' फाइल. सत्र चालू असताना ती कुलपासारखी पडते, संपलं की निघते. मध्येच वीज गेली तर कुलूप तसंच राहतं. बिंकडीत जुनी कुलपं आपोआप मोडायचं सेटिंग आहे, ते १२ तासांवर ठेवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नोड ५ वरच्या एका सदस्याने देवनागरीत पहिल्यांदाच लांबलचक लिहिलं. माझ्याकडे आलं ते चाळणी होऊन. "प्रकल्प" च्या जागी "प�रकल�प". दर ओळीला चारपाच भोकं. मला वाटलं त्याच्या संपादकात गडबड. त्याने त्याच्या बाजूचा पडदा टिपून पाठवला: तिथे अक्षर न् अक्षर जागेवर.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठपासून. आधी माझ्या एनएनटीपी सर्व्हरवर संशय. तो बाजूला काढून जॅमची फाइल थेट हेक्सडंपमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या कार्यक्रमात) उघडली, तिथेही मोडलेलंच. म्हणजे येतानाच मोडलं. मग त्याला सांगितलं, एकच शब्द पाठव: प्रकल्प. हा शब्द सात चिन्हांचा, यूटीएफ-८ मध्ये दर चिन्हाला ३, म्हणजे २१ बाइट. आले १९.

कुठले दोन गळले? पहिल्या "प्र" ला बघा. निघाले होते:

ई० ए४ एए · ई० ए५ ८डी · ई० ए४ बी०

पोचले:

ई० ए४ एए · ई० ए५ · ई० ए४ बी०

मधलं चिन्ह म्हणजे हलन्त, पाय मोडण्याची खूण. तिचा शेवटचा बाइट ८डी गायब. "ल्प" मध्येही तेच.

८डी म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. फायडोनेटच्या मूळ तांत्रिक दस्तऐवजात, एफटीएस-०००१ मध्ये, लिहिलेलंच आहे: ८डी म्हणजे 'सॉफ्ट' कॅरेज रिटर्न. आधीच्या संपादकाने ओळ दुमडली त्याची ती नुसती खूण, तिच्याकडे दुर्लक्ष करावं. त्या काळात इंग्रजी मजकुरात तो बाइट एरवी येणारच नव्हता. रशियन लोकांना हे फार आधी चावलं होतं: त्यांच्या ८६६ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) 'न' चं मोठं अक्षर बरोबर ८डी वर बसतं. ते त्याच्याजागी तसंच दिसणारं रोमन 'एच' टाइप करून वेळ मारून न्यायचे. आपल्याला तशी पळवाट नाही. हलन्त गेला की प्रत्येक जोडाक्षर गेलं. अक्षरं जोडणारं अदृश्य झेडडब्ल्यूजे चिन्हही ई२ ८० ८डी, म्हणजे तेही त्याच वाटेने. हिंदीतला ऍ मरतो (ई० ए४ ८डी), आपला मराठी ॲ वाचतो (ई० ए५ बी२). तेवढंच समाधान.

आता १८ जानेवारीचा संदेश पुन्हा वाचा. "कसं काय, सगळं बरं आहे ना?" त्यात एकही जोडाक्षर नाही! मी चाचणी म्हणून नेमकं तेच वाक्य निवडलं ज्याला काही होणार नव्हतं. तीन आठवडे निश्चिंत होतो. आता चाचणीचा संदेश ठरलेला आहे: "प्रकल्पातल्या दुसऱ्या ज्ञात क्षेत्रात श्रम व्यर्थ." अर्थाला काही अर्थ नाही, पण पायमोड भरपूर.

कुणाच्या यंत्रात गळतंय ते संदेशाच्या तळच्या 'पाथ' ओळीने सांगितलं: १/५ ३. नोड ५ वरून निघाला, ३ ने हाताळला, माझ्याकडे आला. नोड २ वरून थेट येणारे २१ च्या २१ बाइट पोचवतात. उरले काका.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काकांशी फोन. त्यांच्या टॉसरच्या सेटिंगमध्ये, तिसऱ्या पडद्यावर, एक ओळ सापडली: सॉफ्ट सीआर (म्हणजे तोच ८डी) काढून टाका, हो/नाही. 'हो' वर होती, बहुधा बसवल्या दिवसापासून. 'नाही' केलं. चाचणीचा संदेश नोड ५ वरून माझ्याकडे पूर्ण आला.

दोन तास आनंद टिकला. मग नोड ३ वरच्या एकाने नोड ५ च्या संदेशाला उत्तर दिलं, आणि त्यातला उद्धृत भाग पुन्हा भोकांचा. टॉसर सुधारला, पण तिथला डॉसमधला संपादक उद्धृत करताना ८डी स्वतःच गिळतो. त्याला सेटिंग नाही, मूळ कोड कुणाकडे नाही. पण तो फक्त तिथे लिहिलेल्या उत्तरांपुरता प्रश्न. हे सोडून दिलं.

सोडता न येणारं दुसरंच निघालं: हाच टॉसर १६ केबीच्या वरचा संदेश तोडतो. रोमनमध्ये १६ केबी म्हणजे लेखच. देवनागरीत तीनने भागा, साधारण ५,४०० चिन्हांत संपलं. नोड ५ वरचे गृहस्थ तेवढं सकाळच्या चहाआधी लिहितात.

१६ फेब्रुवारी, रविवार

छोटी पण चिडवणारी गोष्ट. साच्यात नावाला ३६ बाइट, शेवटचा शून्य धरून, म्हणजे हाती ३५. विषयाला ७१. कुणीतरी 'प्रति' मध्ये "सर्व सदस्यांना" लिहिलं. ४० बाइट होतात. ३५ वर कापलं तर "सर्व सदस्यां" आणि पुढच्या "ना" तल्या न चा एकटा पहिला बाइट लोंबकळत. वाचकाला तो नासका बाइट दिसतो आणि काही कार्यक्रम पूर्ण शीर्षकच टाकून देतात.

माझ्या बाजूने कापताना चिन्हाच्या सीमेवर कापायची दुरुस्ती केली, एका संध्याकाळचं काम. नावं मात्र रोमनमध्येच ठेवायचं ठरलं. नेटमेल (एकाने एकाला लिहिलेलं खासगी पत्र) नाव जुळवून पोचतं. तिथे अर्धं अक्षर म्हणजे हरवलेलं पत्र.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सदस्यांसाठी टेलनेटचं दार पोर्ट २३ वर उघडलं, जुन्या आठवणीखातर. पहिल्या रात्री चारशेच्या वर प्रयत्न, सगळे 'रूट' आणि 'ॲडमिन' नावाने. २०१६ च्या मिराई या घुसखोर कार्यक्रमापासून या पोर्टवर यंत्रांचीच वर्दळ आहे, माणसाचा पाय क्वचित लागतो. मुख्य दार एसएसएचवर नेलं. टेलनेट ठेवलं, पण आत येण्याआधी दोनदा 'एस्केप' दाबा अशी पाटी लावली. बॉट पाट्या वाचत नाहीत. दुसऱ्या रात्री आतपर्यंत एकही आला नाही.

१ मार्च, शनिवार

नोड ४ आणि ५ आता थेट माझ्याकडे जोडायचे, काका नुसते टोकाचा नोड. त्यांच्या यंत्रातून कुणाचीही टपाल पुढे जाणार नाही, म्हणजे १६ केबीचा प्रश्नच मिटला. हे तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं काम. मी ते दोन आठवडे टाळत होतो, कारण वीस-पंचवीस वर्षं हब (टपाल पुढे वाटणारा मधला नोड) तेच होते.

सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे गल्लीतलं शेवटचं घर माझं. बरंय, रहदारी नाही." आणि लगेच विचारलं, नोड ४ ला जुनी जोडणी आधी काढायला सांगितलीस ना? सांगितली होती. त्याने नवी आधी जोडली, जुनी दुसऱ्या दिवशी काढली. मधल्या रात्री प्रत्येक संदेश दोन वाटांनी फिरला. माझ्याकडे एचपीटीने एमएसजीआयडी (संदेशाची स्वतःची ओळखखूण) बघून दुबार अडवले, काकांच्या टॉसरने ३८ आत घेतले.

८ मार्च, शनिवार

काकांची डिस्क कुरकुरायला लागली. या वेळी प्रत होती. एका छोट्या सिंगल-बोर्ड संगणकावर लिनक्स, त्यावर डॉसबॉक्स (डॉसच्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम), त्यात त्यांचं सगळं जसंच्या तसं. पहिलं एसडी कार्ड चार दिवसांत मेलं, दुसरं आणलं.

टॉसर सुरू केला आणि पडद्यावर 'रनटाइम एरर २००'. घाबरू नका. टर्बो पास्कलमधले जुने कार्यक्रम सुरू होताना यंत्राचा वेग मोजतात; यंत्र फार वेगवान असलं की भागाकाराचं उत्तर जागेत मावत नाही आणि कार्यक्रम तिथेच कोसळतो. डॉसबॉक्समध्ये सायकल (नकली यंत्राचा वेग) 'मॅक्स' वरून खाली आणल्या, चालू झाला. यंत्र मुद्दाम हळू करणं हीच दुरुस्ती.

त्याच छोट्या संगणकावर बिंकडी आणि वायरगार्ड बसवलं. टपाल ते घेतं आणि काकांच्या डॉसला घरातल्या घरात, जुन्याच फोल्डरातून देतं. त्यांच्या लेखी काहीही बदललेलं नाही.

१६ मार्च, रविवार

चाचणीचा संदेश पाचही नोडांवरून पाचही नोडांकडे, दर जोडीचे बाइट मोजून. सगळे जुळले. काकांच्या पडद्यावर देवनागरी अर्थातच दिसत नाही, तिथे नुसती चित्रविचित्र चिन्हं. म्हणून त्यांना एनएनटीपीचा पत्ता दिलाय. वाचतात फोनवर, लिहितात डॉसमध्ये, रोमनमध्ये.

एकूण तास मोजले: ७० च्या आसपास. त्यातले निम्मे दोन गोष्टींत गेले, अकरा हजारांचा लोट आणि ८डी.

राहिलेलं: नोडलिस्ट, म्हणजे नोडांची यादी. आजच्या संपादकात उघडून सेव्ह केली तर ओळींच्या शेवटचा सीआर आणि फाइलच्या शेवटचा १ए (फाइल संपल्याची खूण) गेला, पहिल्या ओळीतला सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळेना. फाइल परत जुन्या रूपात आणली आहे, पण ती बनवायची स्क्रिप्ट अजून लिहायची आहे. एफटीपीचं सामायिक फोल्डर आज बंद केलं. काकांची बॅच फाइल रात्री २ लाच उठते. आज सकाळी तिने आणलेल्या बंडलात एकच संदेश होता, मला, विषय "टेस्ट", आत काही नाही.